पखुर्डीची कड

पाण्याची वाटी भरून शेजारी ठेवा. ब्रश कोरडाच राहू द्या.

कागद बोर्डावर लावलेला आहे. बोर्ड मांडीवर आहे. हात त्याच्यावर नुसते टेकवा.

आता काही करायचं नाही. बसायचं.

सुप्याचा माळ आहे. चैत्रातली सकाळ. सूर्य वर येऊन तास-दीड तास झालाय. ऊन अजून बोचत नाही, पण बसल्या जागेचा मुरूम कोमट व्हायला लागलाय.

तळहात जमिनीवर ठेवा. तो कोमटपणा हाताला लागू द्या.

श्वास घ्या. वाळलेल्या गवताचा वास येतो. त्यामागून धुळीचा. काल संध्याकाळी इथून मेंढरं गेली असतील, तर त्यांचाही.

श्वास सोडा.

समोर एक पक्षी बसला आहे. पन्नासेक पावलांवर. तुम्हाला तो दिसलेला नाही. त्याला तुम्ही केव्हाच दिसलात.

त्याला शोधू नका. जमीन बघा.

*

जमीन बघायची सवय आपल्याला नसते. नजर लगेच वर जाते. झाडाकडे, डोंगराकडे, जे उठून दिसतं त्याच्याकडे. माळावर उठून दिसणारं थोडंच असतं. एखादी बोर. एखादा हिवर. लांबवर विजेचा खांब.

नजर खाली आणा.

खडे बघा. बारीक, जाड, मुठीत मावतील एवढे. प्रत्येक खड्याला एक उन्हाची बाजू आहे आणि एक सावलीची. उन्हाची बाजू पिवळट. सावलीची निळसर तपकिरी.

कुसळी गवताचे झुबके बघा. पावसाळ्यात ते हिरवे होते, दिवाळीपर्यंत तांबूस झाले, आता काडी न् काडी सुटी झाली आहे. काही कुसळं गळून गेलीत. काही एकमेकांना पीळ घालून तशीच अडकून राहिलीत.

एक काडी निवडा. तिची सावली बघा. सावली काडीपेक्षा ठळक आहे.

थोडा वेळ सावल्याच बघत राहा. त्या आखडत चालल्या आहेत. इतक्या हळू की आखडताना दिसत नाहीत.

हा तुकडा १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्य म्हणून राखलेला आहे. ५.१४ चौरस किलोमीटर. चालायला लागलं तर सकाळीच संपेल. बसलं तर संपत नाही.

मुरमाचा रंग बघा.

काळा बेसॉल्ट वर्षानुवर्षं झिजतो, भुसभुशीत होतो, त्याचा मुरूम होतो. त्यातलं लोह हवेनं आणि पाण्यानं गंजतं. समोरचा तांबूसपणा हा त्या गंजाचा आहे.

आता रंगाच्या पेटीत बघा. यलो ऑकर. बर्न्ट सिएना. हे मूळचे मातीचेच रंग. त्यांतही लोहच आहे. आपला गेरूही त्यांच्याच घराण्यातला.

माळ रंगवायला लागणारी माती पेटीत आधीपासून आहे.

ब्रश अजून कोरडा. पुन्हा जमिनीकडे.

*

एका खड्यानं डोळा मिटला.

थांबा. मान वळवू नका. श्वासही हळू घ्या.

दोन झुबक्यांच्या मधे, जरा डावीकडे. काळाभोर डोळा. त्याच्याभोवती फिकट पिवळट कडं. डोळ्यापुढे आखूड करडी चोच.

डोळा सापडला की डोकं सापडतं. मग मान. मग अख्खा पक्षी एकदमच दिसतो, इतका वेळ तिथेच असलेला.

ही पखुर्डी. नर आहे.

त्याला टप्प्याटप्प्यानं बघा. गालावर आणि गळ्यावर मळकट पिवळा. छातीवर वाळूचा रंग. छातीवरून आडवी गेलेली एक बारीक काळी रेघ, सावकाश हातानं ओढल्यासारखी. पंखावर पिवळट डाग, त्यांच्या कडेला तपकिरी. शेपटीतून निघालेली लांब, टोकदार पिसं.

पाय शोधू नका. ते आखूड आहेत, समोरून पिसांनी झाकलेले आहेत, आणि आत्ता पोटाखाली आहेत.

तो तुमच्याकडे एका डोळ्यानं बघतोय. बघू द्या.

तुम्ही पुढे सरकला नाहीत तर तोही उठणार नाही. चित्र मोठं यावं म्हणून चार पावलं पुढे जाण्याचा मोह होईल. तो सोडा. उघड्या जमिनीवर, नुसत्या खळग्यात, पखुर्डीची अंडी असतात. बहुधा तीन. तुमच्या पावलाला ती दिसणार नाहीत. बसल्या जागेवरून जेवढं दिसतं, तेवढंच चित्र.

*

आता एकच करा. त्याच्या पाठीची कड शोधा.

चोचीपासून निघा. कपाळावर कड आहे. डोक्यावर आहे. मानेच्या मागे आहे. खांद्यापाशी ती गवताच्या सावलीत शिरते. पुढे पाठीवर कुठेतरी सुटते. पंख कुठे संपला आणि मुरूम कुठे लागला, ते सांगता येत नाही.

शेपटीपाशी ती पुन्हा हाती लागते.

पुन्हा निघा. या खेपेला शेपटीकडून.

जिथे सुटते तिथे थांबा. तिथेच राहा.

हात शिवशिवतील. शाळेपासूनची सवय आहे, आधी बाह्यरेषा काढायची आणि मग आत रंग भरायचा. सुटलेली कड जोडून घ्यावीशी वाटते. जोडलीत, तर कागदावर पखुर्डी येईल, पण ती माळावर बसलेली नसेल. माळावर आणून ठेवलेली असेल.

म्हणून सुटलेली कड सुटलेलीच राहू द्या.

अॅबट थेअर हा अमेरिकन चित्रकार अशाच नाहीशा होणाऱ्या कडांमागे लागला होता. १८९६ मध्ये त्यानं ‘द ऑक’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात लिहिलं. ऊन वरून येतं. त्यानं पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं. पुष्कळ प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं ते याच्या बरोबर उलट. उन्हानं दिलेली छाया रंग फेडून टाकतो. मग अंगाची गोलाई उरत नाही. समोर काही जाड, जिवंत, श्वास घेणारं आहे हेच डोळ्याला कळत नाही.

चित्रकार आयुष्यभर छाया देऊन गोलाई आणायला शिकतो. हे ध्यानात यायला चित्रकारच लागला, याचं मला नवल वाटत नाही.

आता समोर बघा. हा पक्षी तो नियम पुरता पाळत नाही. त्याचं पोट गडद आहे. तांबूस चॉकलेटी, आणि खाली जवळजवळ काळं. उडाला की ते लांबूनही कळतं.

पण तो बसलाय. पोट जमिनीला टेकलंय. गडद रंग सावलीच्या जागी सावली होऊन पडलाय.

हे बघा. घाईनं पुढे जाऊ नका. पोटाचा रंग आणि पोटाखालची सावली यांच्यामधली रेघ शोधा.

सापडत नाही ना? मग तीही काढू नका.

*

पखुर्डी शिकारीच्या पुस्तकांतली आहे. ह्यूम आणि मार्शल यांनी हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन इथल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले, १८७९ ते १८८१ या काळात. तित्तर आणि लाव्यांच्या सोबतीला त्यात पखुर्ड्याही आहेत. रंगीत चित्रं आहेत. पुष्कळ चित्रांवर ह्यूम स्वतःच नाराज होता.

पक्षी ओळखायला तशी चित्रं लागतात. पण मेलेल्या पक्ष्याचं कातडं समोर ठेवून चित्र काढलं की कड नेहमीच सापडते.

स्कॉटलंडचा आर्चिबाल्ड थॉर्बर्न रानात जाऊन बसला. हेदरच्या झुडपांतले ग्राउज त्यानं रंगवले, डोंगरमाथ्यावरचे टार्मिगन रंगवले. इंग्लंडमधल्या आपल्या घरात त्यानं वीज घेतली नाही. दिवसाच्या उजेडात रंग जसा दिसेल तसा त्याला हवा होता. एका जखमी सशाचं ओरडणं ऐकलं आणि त्यानं बंदूक सोडली, असं सांगतात.

थॉर्बर्न जन्मला त्याच वर्षी, १८६० मध्ये, स्वीडनमध्ये ब्रूनो लिल्येफोर्श जन्मला. तो शिकारी होता. त्याच्या कितीतरी चित्रांत आधी बर्फ दिसतो, बोरू दिसतात, ओला चिखल दिसतो. पक्षी मागून दिसतो. थॉर्बर्नचं पीस न् पीस मला प्रिय आहे, पण माळावर येताना मी लिल्येफोर्शला सोबत आणतो. त्याच्यापुढे बसलं की डोळे निवांत होतात.

आज आपल्याकडे पखुर्डीच्या शिकारीला कायद्यानं बंदी आहे. हा नर तुमच्यासमोर बसून आहे. त्याला तुमच्याकडून काही नको. तुम्हालाही त्याचं काही उचलून न्यायचं नाही.

श्वास घ्या.

सोडा.

*

ऐका.

आधी काही नाही. वारा. एक चंडोल वर कुठेतरी गातोय.

मग लांबून दोन अक्षरी हाक. कुट्-रो. पुन्हा, कुट्-रो. ती एकाची नाही, अनेकांची आहे. वर बघू नका, आवाज डोक्यावरून जाऊ द्या. पंखांची फडफड भरभर जाते आणि पाणवठ्याकडे उतरते.

पखुर्ड्या पाण्यावर आल्या. त्यांची ही वेळ ठरलेली असते, ऊन वर आल्यावरची. दिवसभर त्या बारीक, कोरडं बी टिपतात. त्या दाण्यांत ओल नसते. म्हणून लांबून उडून पाण्यावर यावंच लागतं.

समोरचा नर उठतो. तुमच्यामुळे नाही, हाकेमुळे. आखूड पायांवर दोन-चार पावलं तुरुतुरु चालतो आणि उडतो. आता काळं पोट दिसतं. आता सगळी कड दिसते, निळ्यावर कातरल्यासारखी.

त्याच्या मागे मान वळली तरी चालेल. दुर्बीण असेल तर डोळ्याला लावा.

काठावर त्या दाटीनं उभ्या आहेत. माना खाली, माना वर. काही घोट आणि संपलं. बहुतेक उडाल्यासुद्धा.

एक नर मागे राहिलाय. तो पाण्यात शिरतो. पोट बुडेल एवढ्याच पाण्यात. आणि अंग हलवत राहतो, खाली-वर, खाली-वर.

हे नीट बघा. तो अंघोळ करत नाही. तो पाणी भरतोय.

माळावर कुठेतरी पिल्लं आहेत. अंड्यातून निघाल्या दिवसापासून ती चालतात, स्वतः दाणे टिपतात. उडता येत नाही. म्हणजे पाण्यापर्यंत येता येत नाही. मग पाणी त्यांच्यापर्यंत जातं, बापाच्या पोटाच्या पिसांतून. तो जाऊन उभा राहतो, पिल्लं खाली शिरतात, आणि ओली पिसं चोचीत धरून ओढतात.

१८९६ मध्ये मीड-वॉल्डो या इंग्रजानं हे पाळलेल्या पखुर्ड्यांत पाहिलं आणि लिहिलं. थेअरचा लेख आला तेच साल. पुष्कळांचा विश्वास बसला नाही. पुढे १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या दोघांनी आफ्रिकेतल्या कलहारीत या पक्ष्याच्या भावकीतल्या जातीवर तेच पाहून सविस्तर मांडलं. नराच्या पोटावरच्या पिसांचे बारीक तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात. भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात.

मघा आपण गडद पोट बघितलं. सावली होऊन पडलेलं. त्याच्या आत हे होतं.

तो पाण्यातून निघाला. पोटाची पिसं चिकटून जड झालीत. उडाला. तुमच्या डोक्यावरून गेला तर एखादा थेंब पडेल. वाट बघू नका.

*

आता ब्रश पाण्यात बुडवा.

त्याचे केस उलगडतात. ब्रशाच्या केसांत पाणी थांबतं, तसंच त्या पिसांत. ब्रश उचला. टोकाशी थेंब लोंबतो, पडत नाही.

थोडा वेळ तो थेंब बघा.

आता सगळा कागद ओला करा. आभाळासाठी वर एक पट्टी सोडा, बोटाएवढी. बाकी सगळी जमीन.

पक्ष्याची जागाही ओली करा. तिच्याभोवती रेघ मारून ती कोरडी ठेवू नका. मघापासून जे बघितलं ते सगळं याच क्षणासाठी होतं. पक्ष्याला वेगळा कागद नाही.

ऑकर सोडा. पसरू द्या. त्यात बर्न्ट सिएना, इथे थोडी, तिथे जास्त. ओल्यावर ओलं. कडा आपोआप विरघळतात.

हात उचला. बघा.

सावलीसाठी सिएनात अल्ट्रामरीन मिसळा. करडा होतो, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत दाणेदार बसतात. मुरूम असाच दिसतो. त्या कणांना बसायला वेळ द्या. ब्रश फिरवलात तर चिखल होईल.

कागद अर्धा वाळेपर्यंत काही करू नका.

हा वेळ मोकळा आहे. डोळे मिटा. डोळ्यांपुढे पखुर्डी आणा. पूर्ण आणू नका. काय उरलंय तेवढंच. डोळा उरला असेल. छातीवरची रेघ उरली असेल. पंखावरचे दोन-तीन डाग.

डोळे उघडा.

जे उरलं तेवढंच कागदावर ठेवा.

डोळा, एक काळा ठिपका, त्याच्याभोवती पिवळट कागद तसाच राखून. छातीवरची रेघ, एका श्वासात. पंखावर चार डागांची गडद बाजू. डोक्याची कड, मानेपर्यंत. शेपटीची रेघ. आणि पोटाखाली सावली, पोटासकट.

पाठ काढू नका.

बोर्ड हातभर लांब धरा. पाठ दिसते आहे ना? ती तुम्ही काढलेली नाही. ती मघाच्या ओल्या रंगात होतीच.

आता कोरड्या ब्रशानं गवताच्या काड्या. खरखरीत कागदावर ब्रश नुसता घासत न्या, रेघ तुटू द्या. दोन-तीन काड्या पक्ष्याच्या अंगावरून येऊ द्या. त्याच्यापुढेही गवत आहे.

पुरे. कुठे थांबायचं ते कळत नसेल, तर आत्ताच थांबा.

*

पाणवठ्यावर आता कोणी नाही. सावल्या निम्म्या झाल्यात.

उठण्याआधी चौफेर एकदा बघा.

कुठेतरी ओळीनं खणलेले खड्डे दिसतील, झाडं लावायला. कुठे प्लॉट पाडून रोवलेले दगड. कुठे नांगराचा तास माळात घुसलेला. अशा जमिनीची मोजणी आपल्याकडे पडीकात होते, आणि पडीक म्हटलं की काहीतरी करावंसं वाटतं. झाड लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण उघड्यावर बसून दिसेनासा होणारा पक्षी झाडांच्या रांगेत कुठे बसणार? सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते.

हे आठवून छातीत काही दाटलं तर दाटू द्या. त्याला उत्तर शोधू नका, आत्ता नको. फक्त त्या खड्ड्यांकडे बघा, जसं मघा काडीच्या सावलीकडे बघितलं. तेवढ्याच नेटानं.

मग मुरमाकडे. मग गवताकडे.

पखुर्डीचं चित्र काढायला माळ बघावा लागला. कागदावर पखुर्डी बोटभर जागेत आहे. बाकी सगळा कागद माळाचा आहे.

*

चित्र वाळलंय. खाली पेन्सिलीनं पक्ष्याचं नाव लिहा.

मग जागेचं नाव लिहा. नुसतं गाव पुरे नाही. या टेकाडाला, या ओढ्याच्या वळणाला, या पाणवठ्याला काही ना काही नाव असतं. महिना लिहा. ऊन कुठल्या बाजूनं होतं ते लिहा.

गवतांची नावं लिहा. कुसळी तर तुम्हाला ठाऊक आहे. पण मघा तिच्या पलीकडे आणखी दोन तऱ्हेची गवतं होती, एक लव्हाळीगत उभं आणि एक जमिनीवर पसरलेलं. त्यांना तुम्ही रंग दिलात, नाव दिलं नाहीत.

ओढ्याच्या अंगानं मेंढरं येत आहेत. मागे धनगरदादा आहेत. उठा, कपड्याला चिकटलेली कुसळं काढा, आणि त्यांना चित्र दाखवा. पखुर्डी त्यांना लगेच सापडेल. मग गवतांची नावं विचारून घ्या.